ग्वाल्हेरचा कंपू आणि मराठीतला कंपू: मूळ इंग्रजी की पोर्तुगीज?

लश्करवासी
ग्वाल्हेरला लश्करमध्ये कंपू नावाचा भाग आहे. हिंदीभाषक शेजाऱ्यांना त्यात फक्त पत्ता दिसतो, मराठी माणसाला टोळकं आठवतं. शब्द एकच ना? आणि इंग्रजी ‘कॅम्प’चा अपभ्रंश असेल, तर शेवटचा ऊ कुठून चिकटला?

जुनी_वही
शब्द एकच. महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये डी बॉयन या सॅव्हॉयच्या (आज फ्रान्समधला प्रदेश) सेनानीला चाकरीत घेतलं. त्याने कवायती पायदळ उभं केलं. पलटणी आणि तोफा मिळून जी ब्रिगेड होई तिला कंपू म्हणत. त्याच्या हाताखाली असे तीन कंपू झाले. म्हणजे कंपू हा तळही आणि तळावरची फौजही. पुढे १८१० मध्ये दौलतरावांचा तळ किल्ल्याच्या पायथ्याशी पडला, त्याचंच लश्कर शहर झालं. गंमत बघा, लश्कर फारसी, कंपू फिरंगी, शिवाय गावात ‘शिंदे की छावनी’ आहेच. एका शहरात तळाला तीन नावं!

शब्दखोड
ऊ हाच खरा धागा आहे. पोर्तुगीज ‘कांपो’तला शेवटचा आघातहीन ओ तिकडे उ-सारखा उच्चारतात. तसाच शेवटचा ए इ-कडे झुकतो, म्हणून ‘शावे’ची चावी, ‘मेश्त्रे’चा मेस्त्री. ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोशही (१८८६) आधी इंग्रजी कॅम्प सांगून लगेच पोर्तुगीज कांपो अधिक बरोबर ठरवतो. मात्र हा नियम दगडावरची रेघ नाही: ‘कार्तूशु’चं काडतूस झालं, ‘अफोंसू’चा हापूस, दोन्हीकडे शेवटचा स्वर गळाला. तरी इंग्रजीतून थेट आलं ते पुण्याचं ‘कॅम्प’. तिथे ऊ नाही, आणि मला तेवढा पुरावा पुरतो.
दोन्हींचं मूळ लॅटिन ‘कांपुस’, म्हणजे मैदान. कॉलेजचा कॅम्पस तोच, मैदानात उतरणारा चॅम्पियनही त्याच घरातला.

लश्करवासी
मग फौजेचं टोळकं कसं झालं?

जुनी_वही
कंपू सरदाराच्या नावाने ओळखला जाई, पगारही त्याच्या हातून. फौज गेली, ‘एका माणसाभोवतीचा जमाव’ एवढा अर्थ उरला, असं मला वाटतं. कंपूबाजी, कंपूशाही हे त्यावरचे कोंब.

इंदुरी_बोरू
वापराचं सांगतो. तो पुल्लिंगी, अनेकवचनही कंपूच; कंपूत, कंपूतला, कंपूचा, सगळीकडे पू दीर्घ. ‘आमचा कंपू’ लाडाने चालतं, ‘त्यांचा कंपू’ म्हटलं की टोमणा. म्हणून मंडळाच्या इतिवृत्तात ‘गट’ लिहावं, नाहीतर पुढची सभा त्या एका शब्दावरच जायची. आणि ग्वाल्हेरला हिंदीत बोलताना ‘गुट’ म्हणा. ‘वो उनके कंपू में है’ म्हटलंत तर समोरचा विचारेल, कंपू में किधर?