बापाला प्रोस्टेट झालं म्हणून मुलाला होणारच, हे सांगणं थांबवा

कृष्णाकाठ

कालची ती पोस्ट वाचून डोकं फिरलं. "प्रोस्टेट रक्तातच असतं. बापाला झालं की मुलाला होणार. पन्नाशीला जीन टेस्ट करा, निघालं तर ऑपरेशन करून मोकळे व्हा." आणि खाली लोक विचारताहेत, टेस्ट कुठे होते!

आमच्याकडे वडील, धाकटे काका आणि आता थोरला भाऊ, तिघांनाही प्रोस्टेट ग्रंथी वाढून लघवी अडण्याचा हा त्रास (कॅन्सर नव्हे). म्हणून मिळेल ते वाचत आलोय. आनुवंशिकता आहेच. १९९४ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांचे नातेवाईक तपासले, ज्यांचं ऑपरेशन ६४ किंवा त्याआधी झालं आणि ग्रंथीही बरीच मोठी निघाली. त्यांच्या पुरुष नातेवाइकांत ऑपरेशनची वेळ येण्याचा धोका सुमारे चौपट, सख्ख्या भावांत सहापट. पण त्याच अभ्यासात पुढे म्हटलंय की साठीच्या आत ऑपरेशन होणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या मागे आनुवंशिक कारण असावं, साठीनंतरच्यांत मात्र जेमतेम ९ टक्क्यांच्या. वडिलांचं ऑपरेशन अठ्ठ्याहत्तरीत झालं असेल तर त्यावरून मुलाचं फारसं काही ठरत नाही. पंचावन्नला झालं असेल तर मुलाने सावध व्हावं. वडील कितव्या वर्षी लघवीच्या नळीवर किंवा ऑपरेशनवर आले, एवढं विचारा. आईला पक्कं आठवत असतं, तिथे कसली टेस्ट?

आणि तब्येत ठणठणीत असताना ऑपरेशन? कुठला शहाणा डॉक्टर करेल?

आडवाटेने

आकडे देऊन मुद्दा सिद्ध होत नाही. एका भावाचं ऑपरेशन झालं की तोच दुसऱ्याला आपल्या डॉक्टरकडे घेऊन जातो. दुसरा एरवी दहा वर्षं अंगावर काढणार होता, त्याचंही नाव यादीत चढतं. यात जनुक कुठे आलं? सुटलेलं पोट, साखर, दिवसभराची बैठक, हे सगळं एका घरात सारखंच असतं. पण ते बोललं की लोकांना राग येतो. रक्तावर ढकललं की सुटले!

लॅबकोट

भाऊ भावाला डॉक्टरकडे नेतो, हा आक्षेप रास्त आहे. त्याच्यासाठीच जुळ्यांचे अभ्यास असतात. दोन्ही प्रकारचे जुळे, सगळी जनुकं सारखी असलेले एकसारखे आणि साधारण निम्मी सारखी असलेले निराळे, एकाच घरात, एकाच ताटात वाढतात. अमेरिकेतल्या माजी सैनिकांमधल्या जुळ्यांत, एकाला प्रोस्टेटची वाढ असेल तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण एकसारख्या जुळ्यांत सुमारे २६ टक्के, निराळ्या जुळ्यांत सुमारे ९. हा फरक पोटाच्या घेराने समजावून दाखवा.

आडवाटेने

दाखवतो. २६ म्हणजे १०० नव्हे! सगळी जनुकं सारखी, तरी चारांतल्या तिघांच्या जुळ्या भावाला नाही. तुमच्याच आकड्याने "होणारच" निकालात निघालं.

कृष्णाकाठ

अहो, मीही तेच म्हणतोय! शीर्षक तरी वाचा.

लॅबकोट

बरं, "होणारच" चूक. पण म्हणून जनुकांना खूळ समजू नका. डोमिनिकन रिपब्लिकमधल्या सालिनास गावात काही मुलांत एका जनुकातल्या दोषामुळे टेस्टोस्टेरॉनचं डीएचटीत (प्रोस्टेट वाढवणाऱ्या पुरुषी हार्मोनमध्ये) रूपांतर करणारं एन्झाइम नीट चालत नव्हतं. १९७४ साली त्यावर शोधनिबंध आला. या मुलांची प्रोस्टेट मोठेपणीही लहानच राहते. ते एन्झाइम गोळीने अडवता येईल, या विचारातून फिनास्टेराइड निघालं, १९९२ पासून अमेरिकेत या आजारासाठी मिळतंय. तुमच्या वडिलांच्या डब्यातही कदाचित तीच गोळी असेल.

टेस्टचं म्हणाल तर २०१८ साली आइसलँड आणि ब्रिटनच्या वीस हजारांहून अधिक रुग्णांवरून या आजाराशी जोडलेले २३ जनुकीय फरक सापडले. प्रत्येकाचा परिणाम इवलासा, आणि पाहणी युरोपीय वंशाच्या लोकांची. त्यावरून सांगलीतल्या माणसाला होणार की नाही, ते कोण सांगणार?

एसटीतला_माणूस

तुमचं जुळ्यांचं चालू द्या. मी एसटीत कंडक्टर होतो. आमच्यातल्या निम्म्यांना हा त्रास, आणि आमचं काही एक रक्त नाही. लघवी दाबून दाबून होतं हे. स्टँडवर दहा मिनिटं थांबा, मुतारीत पाय ठेववत नाही, नळाला पाणी नाही. आणि म्हाताऱ्या माणसाची धार सुरू व्हायलाच दोन मिनिटं लागतात. मागचा पोरगा म्हणतो, "काका, आटपा की." ते काका तसेच वळून गाडीत येऊन बसायचे. पुढचा थांबा तीन तासांनी. हे मी रोज बघितलंय.

लॅबकोट

काका, दाबून ठेवल्याने मूत्राशयाचे हाल होतात, प्रोस्टेट आधीच वाढलेली असेल तर लघवी अडकूही शकते. पण प्रोस्टेट त्याने वाढत नाही. ती वयाने आणि पुरुषी हार्मोनने वाढते. ऐंशीच्या घरातल्या बहुतेक पुरुषांत थोडीफार वाढ सापडतेच.

एसटीतला_माणूस

लॅबमध्ये बसून बोलणं सोपं आहे.

माहेरवाशीण७२

मुतारीवरून एवढं रडताय? तुम्हाला निदान उभं राहायला भिंत तरी मिळते. बायकांनी प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून पाणी बंद केलंय जन्मभर! मुंबईत बायकांच्या मुताऱ्यांसाठी 'राइट टू पी'ची चळवळ उभी करावी लागली, ती बायकांनी केली. तेव्हा कुठे होता तुम्ही?

एसटीतला_माणूस

ताई, मी महिला कंडक्टरांसाठी डेपोत अर्ज दिलेत. सगळ्यांना एका मापाने मोजू नका.

माहेरवाशीण७२

दिले असतील तर चांगलं केलंत. पण चिडायचं कारण सांगते. माझ्या वडिलांनी याच पायी गावाकडचं प्रत्येक लग्न सोडलं. कारण विचारलं तर "कंटाळा आला." रात्री चार वेळा उठायचे, तेही दिवा न लावता, आईची झोप मोडू नये म्हणून. मग एकदा सर्दी झाली, मेडिकलवाल्याने गोळी दिली, आणि पहाटे लघवी पूर्ण बंद. पोट टम्म, माणूस घामाने भिजलेला. नळी घातल्यावर मोकळं झालं. सर्दीच्या काही गोळ्यांनी असं अडकतं हे आम्हाला नंतर कळलं. काउंटरवर त्यांना कुणी एका शब्दाने विचारलं नाही.

आडवाटेने

ही गोळीची गोष्ट सगळ्यांनी घरी वाचून दाखवावी.

कृष्णाकाठ

ताई, वडिलांचं वय तेव्हा काय होतं? आणि भाऊ आहेत का तुम्हाला?

माहेरवाशीण७२

अठ्ठावन्न. धाकटा भाऊ आहे, आता एक्कावन्नचा. धार बारीक झाली का, हे मी कसं विचारू त्याला? वहिनीला विचारते.

लॅबकोट

विचाराच. काही त्रास निघाला तर सोनोग्राफी, लघवीची तपासणी आणि पीएसए ही प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी, कुठल्याही तालुक्याच्या गावी होतं. पीएसए वाढलेला आला तर लगेच कॅन्सर समजून घाबरू नका, साध्या वाढीनेही तो चढतो. जीन टेस्टला पैसे घालू नका.

आडवाटेने

आणि पोट कमी करायला सांगा त्याला. हे मी सोडणार नाही.

लॅबकोट

सांगा. त्याला माझा विरोध नव्हताच.

एसटीतला_माणूस

आणि मुताऱ्यांचं काय?