कॅनडा स्पाउज स्पॉन्सरशिप: एकत्र राहणं झालं नसेल तर पुरावे कोणते लावायचे?

प्रश्न: नवरा कॅनडात पीआर (कायमचा रहिवासी) आहे आणि मला तिकडे बोलावण्यासाठी स्पॉन्सर करतोय. लग्न रजिस्टर झालंय, पण सलग एकत्र राहिलेलो नाही. जॉइंट खातं नाही, भाडेकरारही नाही. चॅटची मात्र शेकडो पानं आहेत. सगळी लावू का?

उत्तर १: अजिबात नको, एवढं कोणी वाचत नाही. अर्जासोबतच्या कागदपत्रांच्या चेकलिस्टमध्येच मर्यादा आहे: फोटो जास्तीत जास्त २०, संपर्काचे पुरावे १० पानं. ओळख झाल्यापासून आजपर्यंतच्या काळातून वेचून घ्या. प्रत्येक फोटोखाली तारीख, ठिकाण आणि सोबत कोण आहे ते लिहा. वीसही फोटो लग्नाच्याच दिवसाचे असले तर सिद्ध होतो तो फक्त समारंभ.

उत्तर २: फोटोंपेक्षा आयएमएम ५५३२ फॉर्मकडे (ज्यात नात्याची माहिती भरायची असते) लक्ष द्या, घोळ तिथेच होतो. फॉर्ममध्ये पहिली भेट मार्चमध्ये आणि पासपोर्टवर शिक्का मे महिन्याचा, असं झालं की संशय आलाच. आधीचं लग्न असेल तर लपवू नका, घटस्फोटाचा हुकूम जोडा. आणि लक्षात घ्या, नातं खरं नसणं किंवा लग्न मुख्यतः इमिग्रेशनसाठी केलेलं असणं, यांपैकी एक जरी ठरलं तरी नकार येतो.

उत्तर ३: मराठी चॅटला इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर लागतं. ते घरच्यांनी केलेलं चालत नाही, म्हणून पानं निवडतानाच खर्चाचा विचार करा. जॉइंट खातं नसलं तरी नवऱ्याने पाठवलेल्या पैशांच्या नोंदी, विम्यातलं नॉमिनीचं नाव, भेटीसाठी केलेल्या प्रवासाचे बोर्डिंग पास हे सगळं चालतं.