घरासाठी डेस्कटॉप घ्यावा की लॅपटॉप? बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातील अनुभव

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० साठी नियमित सुधारणा (सपोर्ट) देणे थांबवले. टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप किंवा पुरेसा नवा प्रोसेसर नसलेली घरातील बरीच जुनी यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत, त्यामुळे नवा संगणक घेण्याचा विषय सध्या आपल्याकडे अनेक घरांत निघाला आहे. पुण्या-मुंबईकडच्या वाचकांसाठी लिहिलेले सल्ले भरपूर मिळतात. पण त्यांत खानापूर तालुक्यातला पावसाळा, वडगावातील मागांची धूळ किंवा एकाच बैठकीत मराठी आणि कन्नड दोन्ही टंकित करण्याची गरज नसते. म्हणून आपापले अनुभव लिहावेत, ही विनंती. घरात यंत्र कोण वापरते, ते कुठे ठेवले आहे आणि वीज कशी असते, एवढे अवश्य सांगावे. प्रोसेसरचे आकडे काय, दुकानात कळतातच.

जांबोटी, ता. खानापूर. शिक्षिका.
आमच्याकडे जून ते सप्टेंबर या काळात झाडे आणि फांद्या तारांवर पडतात आणि वीज गेली की ती केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही, त्यामुळे आमच्या घरात हा प्रश्न विजेनेच सोडवला. पूर्वी डेस्कटॉप होता व त्याला ६०० व्हीएचा यूपीएस जोडलेला होता. असा यूपीएस साधारण दहा-पंधरा मिनिटे यंत्र चालू ठेवतो. तो हातातले काम जतन करून यंत्र नीट बंद करण्यासाठी असतो, काम पुढे चालवण्यासाठी नव्हे, आणि त्यातली बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. घरचा इन्व्हर्टर होता, पण वीज जाताच तो चालू होईपर्यंतच्या क्षणात डेस्कटॉप बंद पडून पुन्हा सुरू होत असे. इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असे बटण असते, ते ‘यूपीएस’कडे केल्यावर हा त्रास थांबला, मात्र त्या स्थितीत विजेचा दाब थोडा उतरला तरी इन्व्हर्टर बॅटरीवर जातो, आणि आमच्याकडे दाब रोजच उतरतो. लॅपटॉप आल्यापासून यातले काहीच पाहावे लागत नाही. राउटरसाठी तेवढा छोटा बारा व्होल्टचा बॅकअप घेतला आहे. वळवाच्या दिवसांत गडगडाट सुरू झाला, की अडॅप्टर भिंतीवरून काढायचा आणि काम बॅटरीवर चालू ठेवायचे. डेस्कटॉपला ही सोय कुठली?

टिळकवाडी, बेळगाव. निवृत्त, सध्या मराठी-कन्नड अनुवादाची कामे करतो.
ताईंची अडचण खरी आहे, पण शहरात वीज इतका वेळ जात नाही आणि माझे काम वेगळे आहे, म्हणून मी डेस्कटॉपच ठेवला आहे. डावीकडे कन्नड उतारा, उजवीकडे मराठी मसुदा, अशी दोन पाने शेजारी शेजारी उघडून वाचता येतील असा पडदा मला लागतो. लॅपटॉपच्या पडद्यावर हे जमते, पण अक्षर बारीक होते आणि मान खाली वाकते. या वयात मानेचे दुखणे संगणकाच्या किमतीपेक्षा महाग पडते. दुसरे कारण कळफलकाचे. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कळफलक-रचनेत मराठीचा ‘क’ ज्या कळीवर आहे त्याच कळीवर कन्नडचा ‘ಕ’ येतो, म्हणजे एकदा बोटांना सवय झाली, की भाषा बदलली तरी बोटे बदलावी लागत नाहीत. हे काम तासन्‌तास करायचे असल्यास उंच कळांचा, पूर्ण आकाराचा कळफलक हवा. नुडी किंवा श्रीलिपी या जुन्या टंकप्रणालींतले मजकूर युनिकोडमध्ये आणावे लागतात, ते मात्र कोणत्याही यंत्रावर सारखेच होते. दुरुस्तीचेही सांगतो. एसएमपीएस (यंत्राला वीज पुरवणारा भाग) गेला तर तेवढाच बदलतात, रॅम वाढवायची असेल तर पट्टी घालतात. आजच्या कित्येक पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच जोडलेली असते आणि पुढे वाढवता येत नाही. घेण्यापूर्वी हे विचारून घ्यावे.

(काकांना एक प्रश्न: लॅपटॉपलाच मोठा मॉनिटर आणि वेगळा कळफलक जोडला, तर दोन्ही सोयी मिळणार नाहीत का? ज्यांनी असे केले आहे त्यांनी लिहावे.)

अनगोळ, बेळगाव. घरूनच संगणकाचे काम करते.
मी तसेच करते आणि ते उत्तम चालते. एचडीएमआय केबलने मॉनिटर, खाली साधा कळफलक व माऊस; वीज गेली तर मॉनिटर विझतो, पण लॅपटॉप चालूच राहतो. एका गोष्टीकडे लक्ष द्यावे लागते. लॅपटॉप सतत चार्जरला लावलेला राहिला, की लिथियम-आयन बॅटरी कायम पूर्ण भरलेली आणि गरम राहते व त्यामुळे लवकर निकामी होते. काही वेळा फुगतेसुद्धा. टचपॅड वर उचलल्यासारखा दिसू लागला, तर यंत्र वापरणे थांबवून तंत्रज्ञाला दाखवावे. अनेक कंपन्यांच्या लॅपटॉपांत चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते, ती मी पहिल्याच दिवशी चालू केली. मॉनिटर आणि कळफलक धरून खर्च मात्र डेस्कटॉपच्या पुढे जातो, हे खरे.

वडगाव, बेळगाव. घरातच यंत्रमाग आहेत.
आमच्याकडे कापसाचे तंतू हवेतच असतात. लॅपटॉपच्या पंख्याची जाळी बारीक असते, ती तंतूंनी बुजते, यंत्र तापते आणि संथ होते; आतून साफ करण्यासाठी ते उघडायला दुकानात न्यावे लागते. डेस्कटॉपची एक बाजू स्क्रू काढून उघडता येते आणि ब्लोअर मारून आम्हीच साफ करतो. माग जवळ असल्याने थरथरही असते, म्हणून हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, कारण तिच्यात फिरणारे भाग नाहीत. ज्यांच्या घरात धूळ आहे, त्यांनी लॅपटॉपचा विचार करण्यापूर्वी हे मनात ठेवावे.

निपाणी.
मुलगी कोल्हापुरात वसतिगृहात राहून शिकते, त्यामुळे दुसरा पर्यायच नव्हता. लॅपटॉप कोल्हापुरातून घेतला. पूर्वी दोन राज्यांतल्या करांची तुलना होत असे. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आल्यावर अलीकडे व पलीकडे कर अठरा टक्केच आहे, तेव्हा सीमा ओलांडून कराच्या बाबतीत काही वाचत नाही. विचारायचे ते हे, की दुरुस्तीसाठी माणूस घरी येणार की यंत्र आपण केंद्रात न्यायचे. आमच्या एका नातेवाइकांना घरपोच सेवा मिळेल असे सांगण्यात आले होते, पण त्यांचे गाव त्या सेवेच्या हद्दीत नसल्याचे नंतर कळले. पिनकोड सांगून खात्री करून घेतलेली बरी.

येळ्ळूर.
आमचे एकत्र कुटुंब आहे. माजघरात सर्वांच्या नजरेसमोर डेस्कटॉप ठेवला आहे आणि प्रत्येकाचे स्वतंत्र खाते केले आहे. मुले पांघरुणात नेऊन बघत नाहीत, यातच सगळे आले. एवढेच सुचवतो, की डेस्कटॉप घेणाऱ्यांनी आधी वायरमनकडून घराचे अर्थिंग तपासून घ्यावे; आमच्या जुन्या घरात ते नव्हतेच आणि कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असत.