मदत हवी आहे: डबच्या पुढे काय ऐकू?

मंडळी, गेली कित्येक वर्षं मी तीच ती रॉकची गाणी फिरवून फिरवून ऐकतोय, अ‍ॅपवाले पण त्याच चवीचं पुढे ढकलत राहतात. मागच्या महिन्यात एका मित्राने डब ऐकायला लावलं, म्हणजे रेगे गाण्यांचं नव्याने मिक्स केलेलं रूप, १९७० च्या दशकातलं जमैकाचं, किंग टबी या साउंड इंजिनिअरचं वगैरे. पहिल्यांदा वाटलं हेडफोनच बिघडला, कारण गाणारा एक ओळ म्हणतो आणि गायबच होतो, मागे नुसता बेस आणि ड्रम, आणि तो शेवटचा शब्द एकोमध्ये लांब लांब जात राहतो. तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा कुठे डोक्यात शिरलं की मिक्सिंग बोर्डच (प्रत्येक वाद्याचा आवाज कमी-जास्त करायचं ते यंत्र) इथे वाद्य आहे, आणि आता सुटत नाहीये!

तर पुढे काय ऐकू? नायजेरियाच्या फेला कुटीचं आफ्रोबीट थोडं ऐकलं, त्याच्या बँडमधल्या टोनी अ‍ॅलनचा ड्रम भारी आहे पण गाणं पंधरा-पंधरा मिनिटं चालतं, दम लागतो राव. इथिओपियन जॅझ कुणी ऐकता का, त्यातला मुलातू अस्तात्के कुठून सुरू करू? लांबलचक लिस्ट नको प्लीज, एकच अल्बम सांगा आणि त्यात नेमकं कशाकडे कान द्यायचा तेही सांगा.