नासका आंबा की दमट अढी?

मोजपट्टी:
परवा इथे कुणीतरी ठोकून दिलंय की ऑफिसात काड्या करणारे मुळातच तसले असतात. भरतीआधी सायकोमेट्रिक, म्हणजे स्वभाव जोखणारी, चाचणी लावा, अढीतला नासका आंबा काढा, विषय संपला. खाली +१ ची रांग बघून राहवेना.

आंबा सोडा, अढी बघा. अप्रेझलचा, म्हणजे वर्षभराच्या कामाच्या मूल्यमापनाचा, बेल कर्व्ह घ्या: वर थोडे, मध्ये बरेच, तळाला थोडे अशी आधीच ठरलेली वाटणी. सात जणांची टीम आणि तळाला १०% बसवायचेच असा हुकूम. सातचे दहा टक्के ०.७. पाऊण माणसाला खालचं रेटिंग देता येत नाही, म्हणून अख्खा एक जातो. १०% चे झाले १४%, सातही जण उत्तम काम करत असले तरी. मग जानेवारी उजाडला की हँडओव्हरच्या फाइलीत सगळं असतं, फक्त स्क्रिप्ट कुठल्या क्रमाने चालवायच्या तेवढं नसतं. शेजाऱ्याची चूक सोमवारी दिसलेली असते; ती शुक्रवारी संध्याकाळी, क्लायंटला सीसीत ठेवून, 'फक्त लक्षात आणून देतोय' म्हणत बाहेर येते. मॅनेजर एक कच्चा गडी वर्षभर मुद्दाम सांभाळतो, मार्चला बळी द्यायला. तो नसेल तर बाळंतपणाच्या रजेवरची बाई आहेच. हीच मंडळी जूनमध्ये एकमेकांच्या डब्यातलं खात होती.

अमेरिकेतल्या जीई कंपनीत तिचा प्रमुख जॅक वेल्शने २०-७०-१० (वरचे वीस, मधले सत्तर, तळाचे दहा टक्के) चालवलं, एन्रॉनमध्ये तीच तऱ्हा. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०१३ मध्ये हे गुंडाळलं ते उगीच नाही.

काळा_कावळा:
सातांतले पाच जण ती मेल पाठवत नाहीत. दोघंच पाठवतात. कर्व्ह तर सगळ्यांना सारखाच. आत्मप्रौढी, मॅकियाव्हेलीपणा (हिशेबी कपट) आणि सायकोपॅथी (दुसऱ्याच्या दुःखाचं काहीच न वाटणं) यांची मोट पॉलहस आणि विल्यम्स या मानसशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये 'डार्क ट्रायड' म्हणून बांधली, ती स्वभावाबद्दल आहे, एक्सेल शीटबद्दल नाही.

मोजपट्टी:
स्वभाव असतो, कोण नाही म्हणतंय? पण मॅकियाव्हेली गडी हिशेबी असतो. कामाची नोंद उघडी आणि तपासणी नियमित असेल तर तोही सरळ वागतो, कारण वाकडं परवडत नाही. नियम मोघम, अधिकार एकाच्या हाती आणि श्रेय कुणाचं ते धूसर, की त्याचं फावतं.

आणि तुमची ती चाचणी! 'वेळप्रसंगी खोटं बोललेलं चालतं: सहमत की असहमत?' ज्याला गाळायचंय तो डोळे मिटून 'पूर्ण असहमत' करतो. प्रामाणिक माणूस विचारात पडतो, मधल्या गोलावर टिक करतो आणि बाद होतो.

एचआर_मावशी:
कर्व्हला शिव्या देणं सोपंय. तो काढला की मॅनेजर सगळ्यांना पाचपैकी चार देऊन मोकळा. पगारवाढीचं बजेट तेवढंच, मग सगळ्यांच्या ताटात सारखंच पाणचट वरण, आणि काम ओढणारे आधी राजीनामा देतात. टक्केवारी निदान शंभरेक जणांच्या गटाला लावा, सातांना नाही. लांब रजेवरचे आणि तीन महिन्यांच्या आतले मोजणीतून बाहेर. बैठकीला येताना प्रत्येकाची दोन कामं तारखेसकट लिहून आणा. मॅनेजरांना लिहायचा कंटाळा, हा खरा रोग. त्यावर कुणी धागा काढत नाही.

शाखेतला_पंखा:
आयटीवाल्यांनो, रेटिंगचं काय रडता? मार्चमध्ये बँकेच्या शाखेत या. विमा पॉलिसी विकायचं टार्गेट, सकाळपासून ग्रुपवर दर तासाला 'आकडा?' आणि शून्यवाल्यांची नावं लाल रंगात. समोर एफडी मोडत आलेले आजोबा. 'एफडीसारखंच आहे, व्याज जास्त', फॉर्मवर उत्पन्न फुगवून, 'कंपनीचा फोन आला की सगळ्याला हो म्हणा'. दरवर्षीचा हप्ता एकरकमी सांगितलेला, तो उलगडतो पुढच्या वर्षी.

अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत घरटी आठ उत्पादनं विकायचं टार्गेट होतं. सप्टेंबर २०१६ मध्ये १८.५ कोटी डॉलर दंड, परस्पर उघडलेल्या खात्यांपायी सुमारे ५,३०० लोक घरी. एवढे सगळे नासके आंबे एकाच बँकेने वेचून भरले होते काय?

काळा_कावळा:
बँकेत अडीच लाखांवर माणसं होती. म्हणजे दोन टक्के. ९८ टक्क्यांनी नाही केलं.

मोजपट्टी:
छेद चुकला. अडीच लाखांत संगणकवाले, वकील, गृहकर्जवाले सगळे आले. खाती उघडत होते शाखांतले. शिवाय ५,३०० हे पकडून काढलेले, केलेले नव्हेत.

काळा_कावळा:
छेद चुकला, मान्य. पेढे वाटा. पण ज्यांनी खोटं खातं उघडलं नाही ते त्याच काउंटरवर होते ना?

शाखेतला_पंखा:
होते. त्यातले किती टिकले ते विचारा. सरळ माणसाचा आकडा भरत नाही, तो सोडून जातो. आकडा भरणाऱ्याला बढती मिळते, आणि मग तोच ग्रुपवर 'आकडा?' विचारतो. आंबा अढीत नुसता नासत नाही, अढीवर राखणीला बसतो.

काळा_कावळा:
हे जरा पटतंय. जरा.

भाबडा_वाचक:
मध्येच विचारतो, ती पॉलिसी रद्द होते का?

शाखेतला_पंखा:
पॉलिसी हाती पडल्यापासून ३० दिवसांचा फ्री लुक, म्हणजे नको असेल तर परत करायची मुदत. ईमेलने आली असेल तरी दिवस सुरू होतात, आणि ईमेल भलत्याचाच टाकलेला असतो. तो आधी तपासा. अर्ज लेखी, विमा कंपनीच्या नावे, प्रत शाखेत देऊन पोच घ्या. मुद्रांक, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे पैसे कापून बाकी परत. दाद नाही दिली तर कंपनीचा तक्रार अधिकारी, मग विमा लोकपाल.

एचआर_मावशी:
३० दिवस उलटले असतील तर? सरेंडरला, म्हणजे पॉलिसी मध्येच मोडली तर, पहिल्या वर्षी हाती काय लागतं ते सांगा की.

मोजपट्टी:
मावशी, धागा अप्रेझलचा आहे.

काळा_कावळा:
राहू दे. पोच मागायला जाल तेव्हा शिक्का मारायला टाळाटाळ कोण करतंय ते बघा. तो आंबा.

शाखेतला_पंखा:
शिक्का मारला की ती पॉलिसी त्याच्या आकड्यातून वजा होते. ती अढी.