'सविनय कायदेभंग' की 'नागरी अवज्ञा'?

ओळीवाली: १९३०च्या चळवळीवरच्या माहितीपटाची सबटायटल्स करतेय. 'सिव्हिल डिसओबीडियन्स'ला मी आपलं शाळेतलं 'सविनय कायदेभंग' लिहिलं, तर तपासणाऱ्यांनी खोडून 'नागरी अवज्ञा' केलं. म्हणे सिव्हिल म्हणजे नागरी, नम्रतेचा काय संबंध? मला तर ते नगरपालिकेच्या नोटिशीतलं वाटतं. काय करू?

बोरूबहाद्दर: तो माणूस अगदीच चुकला नाहीये हां. अमेरिकी लेखक थोरोच्या १८४९च्या 'सिव्हिल डिसओबीडियन्स' निबंधाचं मूळ नाव 'नागरी सरकारला प्रतिकार' अशा अर्थाचं होतं, विनयबिनय काही नाही. पण गांधींनी सिव्हिलमधला सभ्यपणा धरला, कायदा मोडायचा तो उघडपणे, उर्मटपणा न करता, आणि शिक्षा गुमान भोगायची. हिंदीतही 'सविनय अवज्ञा'च आहे. ताई, तुमचंच ठेवा.

शुद्धमती: सविनय ठेवा, पण 'कायदे' अरबी आणि 'भंग' संस्कृत, ही काय मोट बांधलीये? सावरकरांनी कायद्याला 'निर्बंध' हा शब्द दिलाय की. निर्बंधभंग म्हणा.

खाडीकाठ: निर्बंधभंग म्हटलं की लॉकडाऊनमध्ये विनामास्क फिरल्याचा दंड आठवतो राव 😄

बाकी आमची आजी रायगडातल्या चिरनेरच्या बाजूची, तिच्या तोंडी कायदेभंग कधीच नव्हता. 'अक्कादेवीच्या माळावर गेले होते' एवढंच म्हणायची, की घरातल्या सगळ्यांना कळायचं. २५ सप्टेंबर १९३०. लोक जंगलचा कायदा मोडायला गेले आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या.

फटकळ: कोयते घेऊन गेलेले ना? मग सविनय कसलं?

खाडीकाठ: अहो लाकूड काय नखांनी तोडायचं?

वारणाकाठ: आमच्या सांगलीकडे बिळाशी गावचाही जंगल सत्याग्रहच, तरी म्हातारी माणसं 'बिळाशीचं बंड' म्हणतात. पुस्तकात सत्याग्रह, पारावर बंड. विनय हा शब्द वरून आलेला आहे, खालून नाही.

बोरूबहाद्दर: पण विनयामुळेच तर सरकारची पंचाईत झाली ना, बंडाला गोळी घालता येते, पण हात पुढे करून 'पकडा' म्हणणाऱ्याचं काय करणार? ६०,०००च्या आसपास माणसं आत गेली, तुरुंगात जाणं ही लाज होती ती मिरवायची गोष्ट झाली.

फटकळ: आणि पदरात काय पडलं? ५ मार्च १९३१चा गांधी-आयर्विन करार, त्यात मीठ पिकणाऱ्या भागातल्या गावांना घरापुरतं आणि गावात विकण्यापुरतं मीठ करायची सवलत. कायदा होता तिथेच. भंगला कुठे, जरासा वाकला. कायदेवाक म्हणा!

बोरूबहाद्दर: व्हाइसरॉय बरोबरीनं बोलायला बसला, हे कमी आहे का?

शुद्धमती: तुमचं चालू द्या, पण मुळात 'कायदाभंग' हवं ना? एकच कायदा मोडला की.

बोरूबहाद्दर: मग कायदेमंडळात काय अनेक कायदे बसतात? कायदेपंडित, कायदेशीर, तसंच ते.

शुद्धमती: नियमभंग म्हणतो ना आपण, नियमेभंग नाही.

खाडीकाठ: 'नियमे' कुठून होणार, कायदा आकारान्त आहे.

ओळीवाली: अहो, मला आज रात्री फाइल पाठवायचीये 🙏 आणि परदेशी कापडाच्या दुकानांवरच्या पिकेटिंगला, म्हणजे दारात उभं राहून गिऱ्हाईक अडवण्याला, काय लिहू? जुन्या पुस्तकात 'निरोधन' सापडलं.

फटकळ: निरोधन लिहू नका, थेटरात हशा पिकेल.

शुद्धमती: का? उत्तम शब्द आहे.

खाडीकाठ: काकू, मेडिकलच्या दुकानात विचारा.