एकाच तारखेला जन्मलेली मोठी माणसं, असं किती वेळा होतं?

निळीशाई:
माझा वाढदिवस ७ नोव्हेंबर. मारी क्युरी (१८६७) ७ नोव्हेंबरच्या आणि सी. व्ही. रामन (१८८८) पण त्याच दिवशीचे हे शाळेत असताना कळलं तेव्हा इतकं भारी वाटलेलं की वहीच्या पहिल्या पानावर दोघांची नावं लिहून ठेवायचे. आता परवा कळलं की लीझ माइटनर पण त्याच तारखेच्या, १८७८. म्हणजे वॉर्सा, व्हिएन्ना आणि तिरुचिरापल्ली, तीन टोकांची तीन गावं आणि तिघंही फिजिक्सवाले! क्युरींना दोन नोबेल (१९०३, १९११), रामनना १९३० चं, माइटनरबाईंना मात्र एकही नाही, ते वाचून वाईट वाटलं खरं. तर असं किती वेळा होतं? आणि तारीख वर्ष दोन्ही सेम असलेले कोणी माहिती आहेत का? नुसती यादी नको, माणसांबद्दल पण सांगा ना काहीतरी.

गणितवेडा:
पहिल्या प्रश्नाचं सांगतो. कुठलेही २३ जण गोळा केले की त्यातल्या कुठल्या तरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असायची शक्यता ५० टक्क्यांच्या वर जाते, ५० जण असतील तर ९७ टक्के. पटकन पटत नाही कारण आपण मनात "माझ्याशी कोणाचा जुळतो" हेच धरून बसतो, इथे तर कोणाचाही कोणाशीही जुळला तरी चालतंय, आणि २३ जणांच्या जोड्या पाडल्या की त्या २५३ होतात. फक्त तुमच्याच तारखेचं कोणी सापडायला हवं असेल तर निम्म्या शक्यतेसाठी माणसंच २५३ लागतात, हा आकडा दोन्हीकडे एकच येतो ते मला फार आवडतं. २०१४ च्या फुटबॉल वर्ल्डकपला ३२ टीम, प्रत्येकीत २३ खेळाडू, त्यातल्या १६ टीममध्ये अशी जोडी निघाली होती. बरोब्बर निम्म्या!

रानवाट:
तारीख वर्ष दोन्ही सेम म्हणजे डार्विन आणि लिंकन, १२ फेब्रुवारी १८०९. एक इंग्लंडमध्ये श्रीमंत डॉक्टरच्या घरी, दुसरा केंटकीत लाकडी ओंडक्यांच्या झोपडीत, त्याची सगळी शाळा मिळून वर्षभराची पण नाही. डार्विनची आई गेली तेव्हा तो ८ वर्षांचा, लिंकन ९ वर्षांचा. आणि गुलामगिरीची दोघांनाही मनापासून चीड. डार्विनने बीगल जहाजाच्या सफरीत ब्राझीलमध्ये गुलामांचे हाल डोळ्यांनी पाहिले होते ते तो कधीच विसरला नाही, लिंकनने १८६३ च्या १ जानेवारीला मुक्तीची घोषणा केली. आता ही चीड काय तारखेमुळे आली नाही, त्याच काळात जन्मलेल्या कितीतरी जणांना गुलामगिरी योग्यच वाटत होती. पण दोघांना शेजारी ठेवून वाचलं की तो काळ जास्त कळतो, म्हणून मला ही जोडी सगळ्यात जवळची वाटते.

अजून एक, लालबहादूर शास्त्री आणि इंग्रजी कादंबरीकार ग्रॅहम ग्रीन, दोघंही २ ऑक्टोबर १९०४.

जुनीपाने:
तारखा जुळवताना कॅलेंडर कुठलं ते बघायचं हां. ७ नोव्हेंबरला रशियन क्रांतीचा नेता ट्रॉट्स्की पण येतो, १८७९ चा. पण रशियात तेव्हा ज्युलियन म्हणजे जुनं कॅलेंडर चालायचं, त्याप्रमाणे जन्म २६ ऑक्टोबरचा. १९१७ ची क्रांती झाली जुन्या २५ ऑक्टोबरला म्हणजे नव्या ७ नोव्हेंबरला. आपल्या हिशोबाने त्याच्या ३८ व्या वाढदिवशीच क्रांती, आणि तिथल्या हिशोबाने वाढदिवसाच्या आदल्या दिवशी! कारण १९ व्या शतकात दोन कॅलेंडरांत १२ दिवसांचा फरक होता, १९०० नंतर तो १३ झाला.
@निळीशाई, माइटनरबाईंचं पण एक आहे, व्हिएन्नाच्या ज्यू समाजाच्या जन्मनोंदीत १७ नोव्हेंबर लिहिलंय, बाकी कागदपत्रांवर ७. त्या स्वतः ७ च धरायच्या.

निळीशाई:
१७ चं माहिती नव्हतं! पण त्या स्वतः ७ धरायच्या ना, मग माझ्यासाठी ७ च. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, जन्माने ज्यू म्हणून त्यांना जुलै १९३८ मध्ये जर्मनी सोडून पळावं लागलं, आणि त्याच डिसेंबरात स्वीडनमध्ये भाच्याबरोबर, ऑटो फ्रिशबरोबर, बर्फात फिरताना त्यांनी हिशोब मांडला की युरेनियमचा अणुगर्भ फुटतोय. याच शोधाचं १९४४ चं नोबेल मात्र एकट्या ऑटो हानना, त्यांच्या जर्मनीतल्या सहकाऱ्याला गेलं. नंतर १०९ नंबरच्या मूलद्रव्याला माइटनेरियम नाव दिलं, क्युरींचं क्युरियम ९६ नंबरचं.

पाऊलखुणा:
२९ फेब्रुवारी कोणीच कसं नाही घेतलं? मोरारजी देसाई १८९६ चे. १९०० लीप वर्ष नव्हतं त्यामुळे त्यांच्या वाट्याला ती तारीख पहिल्यांदा आली थेट १९०४ ला, ८ व्या वर्षी, आणि नेमक्या त्याच दिवशी भरतनाट्यमच्या रुक्मिणीदेवी अरुंडेल जन्मल्या. पुढे १९७७ ला पंतप्रधान झाल्यावर मोरारजींनी त्यांना राष्ट्रपतीपदासाठी विचारलं होतं, त्या नाही म्हणाल्या. अजून कोण आहे २९ चं?

जुनीपाने:
रोसिनी, इटलीचा संगीतकार, १७९२. त्याचंही तेच झालं, १८०० लीप वर्ष नव्हतं म्हणून १७९६ नंतर एकदम १८०४.